बिलाच्या प्रवासाचा नकाशा

पुरवठादाराचे बिल मंजूर होण्यास उशीर का होतो, हे बैठकीत विचारत बसण्यापेक्षा एका बिलाच्या मागोमाग टेबलाटेबलांवर फिरावे आणि आवक नोंदीपासून रक्कम अदा होईपर्यंतचा प्रत्येक टप्पा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, त्या चिठ्ठ्या भिंतीवर क्रमाने लावाव्यात. क्रम प्रत्यक्षात घडतो तोच लिहावा. नियमपुस्तिकेतला क्रम बहुधा कोणीच पाळत नसते. कार्यपद्धतींचा अभ्यास करणाऱ्या फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ मध्ये प्रक्रिया-तक्ता, म्हणजे कामाचे टप्पे खुणांनी दाखवणारा तक्ता, मांडला, आणि त्यातून पुढे रूढ झालेल्या खुणा आजही सोयीच्या आहेत: कामासाठी वर्तुळ, ने-आणीसाठी बाण, तपासणीसाठी चौकोन आणि खोळंब्यासाठी ‘डी’ हे अक्षर.

प्रत्येक चिठ्ठीवर कामाला लागलेली मिनिटे आणि त्याआधी कागद पडून राहिलेले तास वेगवेगळे लिहावेत, कारण वेळ खाते ती सही नव्हे, तर सहीची वाट पाहणे. बिल मागे फिरते तिथे लाल बाण काढावा. खरेदी आदेशाचा क्रमांक नसल्यामुळे लेखा विभाग बिले परत पाठवत असेल, तर ती तपासणी आवक खिडकीवरच आणावी आणि महिन्याभराने तोच नकाशा नव्या वेळांसह पुन्हा काढावा.