लसीच्या कार्डावरच तपासण्यांच्या तारखा

लसीची तारीख कार्डावर लिहिलेली असल्याने सहसा चुकत नाही. बाळाच्या तपासण्या मात्र कोठेच लिहिलेल्या नसल्यामुळे राहून जातात. म्हणून प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वीच त्याच कार्डाच्या कोऱ्या जागेत पुढील नोंदी करून घ्याव्यात.

१. टाचेतून रक्त घेऊन होणारी थायरॉईडची तपासणी: जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत.

२. श्रवणचाचणी: पहिल्या महिन्यात. तिचा निकाल बहुधा दुकानातील बिलासारख्या गुळगुळीत कागदावर छापून मिळतो आणि वर्षभरात अक्षरे पुसट होतात, त्यामुळे त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.

३. बाळ ३४ आठवड्यांपूर्वी जन्मले असेल किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ३० दिवसांच्या आत. ही तारीख लाल शाईने लिहावी. सव्वा महिना होईपर्यंत बाळाला बाहेर न काढण्याची रीत येथे बाजूला ठेवावी.

४. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसाठी जाल तेव्हा वजन व लांबीबरोबर डोक्याचा घेरही मोजून घ्यावा आणि हिमोग्लोबिन तपासावे का, हे विचारावे.

पुढे अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मोफत तपासणीसाठी येते, त्या दिवशी हे कार्ड मुलासोबत अवश्य पाठवावे.

एक सावधगिरी: पहिल्या श्रवणचाचणीत बाळ उत्तीर्ण झाले नाही, तर ते बहिरे आहे असे ठरत नाही, कारण कानात द्रव असल्यानेही तसे होते, परंतु ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ असे म्हणून फेरतपासणी तिसऱ्या महिन्यापलीकडे लांबवू नये.