कुटुंब न्यायालयातल्या जुन्या प्रकरणाची सही-शिक्क्याची नक्कल कशी मिळवावी

घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेली असतात आणि अचानक पासपोर्टसाठी, पुनर्विवाहाच्या नोंदणीसाठी किंवा बँकेसाठी हुकूमनाम्याची (डिक्रीची) प्रमाणित प्रत लागते. घरात सापडते ती झेरॉक्स, तीही शेवटचं पान नसलेली. मग माणूस कोर्टात जातो आणि नक्कल विभागाच्या खिडकीवर "केस नंबर आणि निकालाची तारीख?" एवढं विचारल्यावर परत फिरतो. अभिलेख कक्षातले गठ्ठे नावाप्रमाणे लावलेले नसतात. ते प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष आणि निकालाची तारीख यांवरून काढले जातात. त्यामुळे खरं काम खिडकीपाशी पोहोचण्याआधीच करायचं असतं. इथे दिलेली माहिती महाराष्ट्रातल्या न्यायालयांपुरती आहे.

आधी कोर्ट नक्की करा

कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत अशी न्यायालयं स्थापन करणं त्याने बंधनकारक केलं, पण प्रत्येक तालुक्यात ती नाहीत. जिथे नाहीत तिथे हिंदू विवाह कायद्याखालच्या याचिका दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात आणि पोटगीचे अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचे अर्ज तर कुटुंब न्यायालय असलेल्या शहरातही बहुधा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच असतात. पारशी विवाहाचे मुंबईतले दावे उच्च न्यायालयात चालतात. "आमचं सगळं फॅमिली कोर्टातच झालं" असं घरचे सांगतात, तेव्हा प्रत्यक्षात दोन-तीन कोर्टांत वेगवेगळी प्रकरणं निघण्याची शक्यता बरीच असते.

कोर्ट आठवत नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ वरून अंदाज बांधता येतो. लग्न जिथे लागलं, नवरा-बायको शेवटचे एकत्र जिथे राहिले, याचिका दाखल होताना सामनेवाला जिथे राहत होता, आणि पत्नीने याचिका केली असेल तर ती जिथे राहत होती, या ठिकाणांपैकी एखाद्या ठिकाणी बहुधा याचिका झालेली असते. बदलीचीही शक्यता धरा. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या आदेशाने याचिका दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग झाली असेल, तर तिथे तिला नवा क्रमांक पडतो आणि निकालाचे कागद त्या दुसऱ्या कोर्टात राहतात. कुटुंब न्यायालय नव्याने सुरू झालं तेव्हा आधीच्या कोर्टातली प्रलंबित प्रकरणंही कलम ८ नुसार अशीच तिकडे गेली.

क्रमांक शोधणं

सर्वांत सोपी जागा म्हणजे त्या वेळच्या वकिलांची फाइल. वकील निवृत्त झाले असले तरी त्यांच्या कार्यालयात डायरी आणि जुन्या फायली असू शकतात. दुसरी जागा घरातलेच कागद. समन्स, नोटीस, पोटगी भरल्याच्या पावत्या, पोलिसांना दिलेल्या अर्जाची पोच, यांच्या डोक्यावर क्रमांक असतो.

कुटुंब न्यायालयातल्या याचिकांना अक्षरं लावलेली असतात. ए म्हणजे घटस्फोट, नांदायला येण्याची किंवा विवाह रद्द करण्याची याचिका. डी म्हणजे मुलांचा ताबा आणि पालकत्व. ई म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची पोटगी. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. एफ म्हणजे परस्पर संमतीचा घटस्फोट. "पीए ३१२, पीई ३१२ आणि पीएफ ३१२" (पी म्हणजे पिटिशन) ही तीन वेगळी प्रकरणं असतात, म्हणून अक्षराशिवायच्या क्रमांकाला काही अर्थ उरत नाही. भांडून सुरू झालेली याचिका पुढे संमतीची झाली असेल तर क्रमांकही बदललेला असू शकतो. तेव्हा शेवटचा क्रमांक शोधा.

काहीच हाती नसेल तर ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲप उघडा. राज्य निवडल्यावर आपला जिल्हा निवडून पाहा. कुटुंब न्यायालय तिथे दिसलं नाही तर त्याच जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातल्या फॅमिली कोर्टांची वेगळी नोंद शोधा. बरेच जण ती न पाहताच "रेकॉर्ड नाही" असं समजून थांबतात. पक्षकाराच्या नावाने शोधताना किमान तीन अक्षरं आणि नोंदणीचं वर्ष द्यावं लागतं. यात नेहमी होणाऱ्या चुका अशा: स्थिती "प्रलंबित"वरच ठेवलेली असते, त्यामुळे निकाली प्रकरण दिसतच नाही, पत्नीचं नाव सासरच्या आडनावाने शोधलं जातं, पण नोंद माहेरच्या आडनावाने असते, आणि नाव इंग्रजीत लिहिताना एखाद्या अक्षराचा फरक पडतो. म्हणून पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली चार-पाच अक्षरंच टाका, आणि वर्ष एकेक पुढेमागे करून पाहा. डिसेंबरात दाखल झालेल्या याचिकेला पुढच्या वर्षाचा नोंदणी क्रमांक मिळालेला असू शकतो.

प्रकरण सापडलं की सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक लिहून घ्या. त्यात राज्य, जिल्हा आणि न्यायालयाची खूण, मग सहा अंकी क्रमांक आणि शेवटी वर्ष असतं. यापुढे संकेतस्थळावर प्रकरण शोधायला हा एकच क्रमांक पुरतो. दाखल क्रमांक आणि नोंदणी क्रमांक वेगवेगळे असतात. नकलेच्या अर्जात नोंदणी क्रमांक लिहायचा. वैवाहिक प्रकरणांचे आदेश संकेतस्थळावर उघडत नाहीत असं अनेकदा होतं. अशा प्रकरणांत गोपनीयता पाळली जाते आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार कामकाजाचा मजकूर छापण्यावरच बंदी आहे. आदेश उघडला तरी ती संगणकावरची प्रत प्रमाणित धरली जात नाही.

संगणकीकरणापूर्वीच्या प्रकरणासाठी प्रत्यक्ष जावंच लागतं. प्रबंधकांच्या नावे शोधाचा अर्ज करा, त्यात दोन्ही पक्षांची पूर्ण नावं आणि अंदाजे वर्षं द्या. वर्षवार रजिस्टर पाहून क्रमांक निघतो. "१९९० च्या दशकात कधीतरी" असं लिहिलं तर कर्मचाऱ्याला दहा रजिस्टरं चाळावी लागतात. "१९९४ ते १९९६" लिहिलं तर शोध लवकर लागतो. लग्नाचं वर्ष, मुलाच्या जन्माचं वर्ष, नोकरीतली बदली यांवरून ही चौकट आवळता येते.

नेमकं काय मागायचं

इथेच सर्वांत जास्त पैसे आणि दिवस वाया जातात. "केसचे सगळे कागद" असं लिहिलेला अर्ज परत येतो, किंवा शेकडो पानांचा खर्च अंगावर पडतो. कशासाठी प्रत हवी आहे ते आधी ठरवा.

न्यायनिर्णय म्हणजे कारणांसह लिहिलेलं निकालपत्र. हुकूमनामा म्हणजे त्या निकालाचा औपचारिक सारांश. "अमुक तारखेचा विवाह विच्छेदित" हे त्यात येतं. विवाह नोंदणी, पासपोर्ट आणि परदेशी कार्यालयं सहसा हुकूमनामा मागतात. अपिलासाठी न्यायनिर्णय लागतो. संमतीच्या घटस्फोटात मुलांचा ताबा, एकरकमी पोटगी, घर या गोष्टी संमतीच्या अटींमध्ये असतात. "हुकूमनामा, सोबत जोडलेल्या संमतीच्या अटींसह" असं स्पष्ट लिहिलं नाही तर एकच पान हातात येतं आणि अटी अंमलात आणायची वेळ आली की पुन्हा अर्ज करावा लागतो.

बाकीच्या प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक असतो. याचिका सहसा निशाणी १ असते. कोणत्या तारखेला काय झालं हे रोजनाम्यात असतं. त्यामुळे निशाण्या माहीत नसतील तर आधी रोजनाम्याची नक्कल घ्या, किंवा रेकॉर्ड पाहणीचा अर्ज करा. पाहणी कर्मचाऱ्यासमोर होते, मोबाइलने फोटो काढू देत नाहीत. वही आणि पेन्सिल सोबत ठेवा, निशाणी क्रमांक आणि पानांची संख्या टिपून घ्या. विवाह समुपदेशकाकडे झालेलं बोलणं गोपनीय असतं, त्याच्या नोंदी मागू नका.

अर्ज

छापील नमुना नक्कल विभागात मिळतो. त्यात न्यायालयाचं नाव, प्रकरणाचा प्रकार-क्रमांक-वर्ष, दोन्ही पक्षांची नावं, न्यायाधीशांचा हॉल क्रमांक, निकालाची तारीख, अर्जदाराचं प्रकरणातलं नातं, हव्या असलेल्या कागदांची निशाणीवार यादी, प्रती किती, साधी की तातडीची, आणि कारण हे सगळं भरायचं. कागदांचा रकाना या धाटणीत लिहा: "दि. १४/०३/२०११ रोजीचा न्यायनिर्णय, एक प्रत. त्याच तारखेचा हुकूमनामा संमतीच्या अटींसह, दोन प्रती. निशाणी १२ वरील आदेश, एक प्रत."

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि नकलेची फी पानांवर ठरते, तातडीची जास्त. दर अधूनमधून बदलतात, म्हणून फलकावर लावलेला त्या दिवशीचा दर धरा आणि पावती घ्या. आगाऊ रक्कम कमी पडली तर काम तिथेच थांबतं आणि कळवणारं कुणी नसतं. त्यामुळे अर्जाचा क्रमांक घेऊन स्वतःच विचारत राहावं लागतं. ओळखपत्राची प्रत जोडा. वकील अर्ज करत असतील तर प्रकरणात त्यांचं वकीलपत्र हवं, जुने वकील बदलले असतील तर नवं द्यावं लागतं. परदेशातून कुणाला अधिकार द्यायचा असेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र पाठवा. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा असतो.

पैसे न भरता मिळणाऱ्या प्रती

हा हक्क फार कमी लोक वापरतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३(४) आणि विशेष विवाह कायद्याचं कलम ३४(४) सांगतं की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की न्यायालयाने त्याची एक प्रत प्रत्येक पक्षाला विनामूल्य द्यायची. पोटगीचा आदेश ज्या व्यक्तीच्या बाजूने झाला तिला त्याची प्रत विनामूल्य मिळते. हे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२८ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ मध्ये आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २४ खालीही आदेशाची प्रत पक्षांना मोफत असते. पोटगी थकलेल्या बाईला नकलेच्या फीसाठी थांबावं लागू नये, हाच या तरतुदींचा हेतू आहे. अर्जातच कलम लिहा आणि "विनामूल्य प्रत" असा शब्द वापरा. आधी घेतलेली प्रत हरवली असेल तर जादा प्रतीची फी भरावी लागते.

त्रयस्थाने मागितली तर

पक्षकाराला प्रत मागण्याचा अधिकार आहे, त्रयस्थाला परवानगी लागते. पक्षकार वारला असेल तर वारसाने मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडून न्यायाधीशांपुढे अर्ज करायचा. वारसाहक्काचा दावा, निवृत्तिवेतन, विमा ही ठोस कारणं आहेत. होणाऱ्या जावयाचा पहिला घटस्फोट खरा आहे का, हे पाहायला परस्पर नक्कल मागू नका. त्याच्याकडूनच प्रमाणित प्रत मागा आणि तिच्यावरचा क्रमांक ई-कोर्ट्सवर पडताळा. माहितीच्या अधिकारातूनही हा मार्ग निघत नाही. न्यायालयीन कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

"रेकॉर्ड नाही" असं सांगितलं तर

तोंडी उत्तरावर थांबू नका, अर्जावर लेखी शेरा मागा. अपील झालं असेल तर मूळ रेकॉर्ड उच्च न्यायालयात मागवलेलं असतं, ज्याला वकील "आर अँड पी (रेकॉर्ड अँड प्रोसीडिंग्ज) वर गेलंय" म्हणतात. ते परत येईपर्यंत खालच्या कोर्टातून नक्कल निघत नाही. कधी प्रकरण अजून संबंधित हॉलमध्येच असतं, अभिलेख कक्षात जमा झालेलं नसतं. आणि जुन्या प्रकरणांतले दुय्यम कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केलेले असतात. अशा वेळी अर्ज फक्त न्यायनिर्णय आणि हुकूमनाम्यापुरता करून पाहा, कारण हे दोन कागद बाकीच्यांपेक्षा जास्त काळ जपले जातात.

प्रत हातात आल्यावर

खिडकी सोडण्याआधी पानं मोजा. प्रत्येक पानावर शिक्का, शेवटी "खरी नक्कल" असा शेरा, सही आणि तारीख असली पाहिजे. मागच्या बाजूला अर्जाची, प्रत तयार झाल्याची आणि ती दिल्याची तारीख असते. मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार नक्कल तयार व्हायला लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण तयार झालेली प्रत आपण उशिरा उचलली तर ते दिवस आपल्या खाती पडतात. कुटुंब न्यायालय कायद्यात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना ९० दिवस, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलं असलं, तरी नकलेचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच करावा.

नावाचं स्पेलिंग, लग्नाची तारीख, कायद्याचं कलम पासपोर्टशी आणि विवाह दाखल्याशी जुळवून पाहा. लेखनिकाची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज कधीही करता येतो. ही दुरुस्ती आधी करून घ्या, जास्तीच्या प्रती नंतर काढा. परदेशात वापरायची असेल तर राज्याच्या पातळीवर साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणारं प्रमाणीकरण, लागतं. त्यासाठी एक प्रत वेगळी ठेवा, तिला पंच करू नका, लॅमिनेशन तर नाहीच.

त्याच फेरीत आणखी एक अर्ज करून टाका. विवाहाचा मूळ दाखला, दागिन्यांच्या पावत्या, मुलांची मूळ कागदपत्रं प्रकरणात अडकलेली असतील, तर अपिलाची मुदत संपल्यावर ती परत मिळतात. त्याआधीच हवी असतील तर त्यांच्या जागी प्रमाणित प्रत ठेवावी लागते. रेकॉर्ड नष्ट होण्याच्या यादीत गेलं की ती परत मिळवण्याचा मार्ग बंद होतो.