सरपणाची गोल रास रचताना

सोलापूरकडे पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हाचे कोरडे ऊन सरपण वाळवण्यास उत्तम असते. म्हणून बाभळीचे ओंडके माघ-फाल्गुनातच फोडून घ्यावेत. उंचवट्यावर दगड-विटा मांडून सुमारे ६ फूट व्यासाचे वर्तुळ आखावे आणि त्याच्या कडेने ढलपे आडवे, एक टोक मध्याकडे करून रचावेत. बाहेरचे टोक किंचित उंच राहील असा आधार त्याखाली द्यावा, कारण उतार आत असला तरच रास बाहेर ढासळत नाही. घाई कितीही असली, तरी एवढी काळजी घ्यावीच. मधल्या पोकळीत वाकडीतिकडी लाकडे उभी आणि सैल ठेवावीत, म्हणजे हवा खेळती राहते. मृगापूर्वी माथ्यावरचे ढलपे साल वर करून, छपरासारखे उतरते लावावेत. दोन लाकडे एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज आला की सरपण चुलीजोगे झाले.