आवाज चित्राला जोडण्याआधीची तयारी

कॅमेऱ्याने चित्र टिपलं आणि वेगळ्या रेकॉर्डरने आवाज, की दोन्ही जुळवण्याचं काम आलंच. हे काम सॉफ्टवेअरमध्ये होतं असं आपण धरून चालतो, पण त्याचा मोठा भाग चित्रीकरणाच्या वेळीच उरकलेला असतो किंवा राहून गेलेला असतो. म्हणून यादी तिथूनच सुरू करू.

रेकॉर्डरचा सॅम्पल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. व्हिडिओसाठी हाच रूढ आहे, ४४.१ हा सीडीचा. फाइल वॅव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, असू द्या. एमपी३ तयार होताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि जुळवणी काही मिलिसेकंदांनी सरकते. फोनवर चित्रीकरण असेल तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ किंवा ३० वर पक्का करणारं अ‍ॅप वापरा, कारण बरेच फोन तो मधेच कमीजास्त करतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक मात्र बंद करू नका. त्याचा आवाज कितीही घोगरा, लांबचा वाटला तरी पुढे जुळवायला तोच आधार आहे.

आता टाळी, म्हणजे चित्रात आणि दोन्ही आवाजांत एकाच क्षणाची खूण. दोन्ही यंत्रं चालू झाल्यावर, हात चौकटीत दिसतील असे धरून, एकच खणखणीत टाळी वाजवा. आधी आणि नंतर क्षणभर कुणी बोलू नये. अशीच टाळी शेवटीही हवी, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० इतका बारीक फरक असला तरी तासाभरात १८० मिलिसेकंदांची तफावत पडते, म्हणजे २५ च्या फ्रेम रेटला साडेचार फ्रेम. शेवटची टाळी असेल तर हा फरक मोजता येतो. नसेल तर अंदाजपंचे सरकवत बसावं लागतं.

टाळी राहिलीच असेल तर प, ब, म शोधा. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ‘प’चा स्फोट आणि ओठ उघडण्याची फ्रेम जुळवली की काम भागतं.

ऑडॅसिटीसारख्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र दिसत नाही, तिथे कॅमेऱ्याचा आवाज हाच चित्राच्या जागी. व्हिडिओ फाइलमधून तो काढण्यासाठी बहुतेक वेळा एफएफएमपेग हे व्हिडिओ फाइली वाचणारं जोड-सॉफ्टवेअर बसवून घ्यावं लागतं. ते आदल्या दिवशीच उरका. मूळ फाइलींची प्रत बाजूला ठेवा. जुळवणी होईपर्यंत मधली शांतता कापू नका. हेडफोन वायरचा घ्या, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि कान फसतो.

दोन्ही ट्रॅक खालीवर ठेवून टाळीच्या जागी भरपूर झूम करा. आवाजाच्या आलेखाचं उंच टोक जुळवू नका, त्याची रेघ जिथे पहिल्यांदा उसळते ती जागा जुळवा. मग शेवटच्या टाळीवर जा. तिथेही जुळलं तर उत्तम. सुरुवातीला जुळून शेवटी सुटत असेल, तर नुसतं सरकवून उपयोग नाही, वेग बदलावा लागेल. दोन टाळ्यांमधलं अंतर कॅमेऱ्यात ६०० सेकंद आणि रेकॉर्डरमध्ये ६००.३ भरलं, तर रेकॉर्डरचा ट्रॅक ०.०५ टक्के जलद करा. इतक्याने स्वरात पडणारा फरक कानाला कळत नाही.

कॅमेरा लांब असेल तर आणखी एक हिशेब करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १४ मीटरवरच्या कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत तो एक फ्रेम, ४० मिलिसेकंद, उशिरा पोहोचतो. त्या ट्रॅकशी जुळवलेला आवाज चित्रामागे पडणारच. तो तेवढा आधीच्या वेळेकडे, डावीकडे ओढा. पण शंका असेल तेव्हा आवाज किंचित मागे राहिलेलाच बरा, असं माझं ठाम मत आहे. प्रकाश आधी आणि आवाज नंतर, याची आपल्याला जन्माची सवय असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हेच दिसतं: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवतो, उशीर मात्र १२५ पर्यंत जाणवत नाही.

शेवटी आवाजाची फाइल चित्राच्या शून्य सेकंदापासूनच बाहेर काढा, सुरुवातीची मोकळी जागा वगळणारा पर्याय बंद ठेवून. व्हिडिओत ती बसवल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवटचं मिनिट, तिन्हीकडे बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत ऐका.