टाइमझोनचा ऑफसेट छापायच्या आधी एवढं बघून घ्या

तारखेच्या स्ट्रिंगला टाइमझोनचा ऑफसेट, म्हणजे यूटीसी ह्या जागतिक प्रमाणवेळेच्या किती पुढे-मागे ते, स्वतःच्या हाताने जोडणार असाल तर आधी हे वाचा, मी एकदा घाईत जोडला आणि एका झोनच्या सगळ्या नोंदी तासाभराने चुकल्या. लायब्ररी ते काम करत असेल तर तिलाच करू द्या.

समोरच्या सिस्टिमला कुठलं रूप चालतं ते विचारा, अंदाज नको. आरएफसी ३३३९ ला, म्हणजे इंटरनेटवर तारीख-वेळ लिहायच्या मानकाला, एकतर झेड (म्हणजे वेळ यूटीसीतच आहे) नाहीतर कोलनसकट +०५:३०, ईमेलच्या हेडरमध्ये मात्र कोलन नाही, +०५३०. तास दोन आकडी, हे सांगायला नको.

आता मुख्य, मिनिटांत मिळालेल्या ऑफसेटचे तास आणि मिनिटं करणं. चिन्ह आधी वेगळं काढा. निगेटिव्ह मिनिटं तशीच ६० ने भागू नका. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा हिवाळ्यातला ऑफसेट -०३:३०, म्हणजे -२१० मिनिटं. पायथनचा पूर्णांक भागाकार खालच्या बाजूला जातो, म्हणून तास -४, बाकी ३०, आणि छापलं जातं -०४:३०. एरर नाही, काही नाही, स्ट्रिंग दिसायला एकदम नीट. जावात -३ आणि -३० येतात, म्हणजे मिनिटांनाही मायनस लागतो, ते निदान डोळ्याला खटकतं तरी. माझ्या टेस्टमध्ये भारत होता, नेपाळचा +०५:४५ होता, न्यूयॉर्क होतं, सगळं पास, कारण न्यूयॉर्कच्या ऑफसेटला वरची मिनिटंच नाहीत. तेव्हा चिन्ह, मग ॲब्सोल्यूट (चिन्हाशिवायची संख्या), मग भागाकार, ह्याच क्रमाने. आणि चिन्ह तासावरून ठरवू नका, मूळ संख्येवरूनच घ्या. लायबेरिया १९७२ पर्यंत यूटीसीच्या ४४ मिनिटं ३० सेकंद मागे होता, तिथे तास शून्य, शून्याला मायनस कुठून लागणार?

जावास्क्रिप्टमध्ये अजून एक गोची, ते मिनिटं उलट्या चिन्हाने देतं, भारतासाठी -३३०. आधी सुलटं करा आणि मग, परत सांगतो, चिन्ह वेगळं काढा.

फॉरमॅटमध्ये झेड हे अक्षर कोट्समध्ये टाकून मोकळे होऊ नका, वेळ खरंच यूटीसीत बदललेली असेल तरच झेड. ऑफसेट त्या तारखेचा घ्या, आजचा नाही, डीएसटी असतं, म्हणजे काही ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात. यूआरएलमध्ये प्लस एन्कोड करा, नाहीतर त्याची स्पेस होते.

शेवटी छापलेली स्ट्रिंग परत पार्स करून, म्हणजे वाचून पुन्हा वेळेत बदलून, मूळ वेळेशी ताडून बघा. टेस्टमध्ये न्यूफाउंडलंड टाका, मार्केसस बेटांचा -०९:३० पण टाका. न्यूफाउंडलंड आधी.