लिंबू, सोडा, व्हिनेगर: घरगुती युक्त्या नेमक्या इथे फसतात

नव्या घरात राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. सरबत करून उरलेली लिंबाची फोड मी ओट्यावर उपडी ठेवली आणि तशीच झोपायला गेले. सकाळी काळ्याभोर कडप्प्यावर पांढुरकं गोल वर्तुळ! ओल्या फडक्याने पुसलं, साबणाने घासलं, शेवटी डाग काढायला म्हणून (हसू नका) त्यावर पुन्हा लिंबूच चोळलं. वर्तुळ आणखी मोठं झालं.

डाग असता तर निघाला असता. इथे दगडच खाल्ला गेला होता. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, शहाबादी फरशीही त्याच जातीची आणि संगमरवर त्यांच्याच कुळातला. आंबट लागलं की त्यातला चुना विरघळतो आणि पॉलिश जातं. असं झालंच, तर थोडं खोबरेल तेल चोळा. रंग पुन्हा गडद दिसतो, पण चार दिवसच. कायमचा उपाय म्हणजे पुन्हा पॉलिश करून घेणं. या फरश्या पुसायच्या पाण्यात व्हिनेगर टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. ग्रॅनाइटच्या ओट्याला लिंबाची एवढी भीती नाही.

गंमत म्हणजे त्याच लिंबाने बाथरूमचा नळ लख्ख होतो, आणि कारणही तेच. बोअरच्या जड पाण्याने नळावर जो पांढरा थर बसतो, तोही चुनाच. म्हणजे युक्ती खोटी नसते, आपण ती भलत्या जागी वापरतो. चुन्याचे थर, गंज आणि काळवंडलेलं पितळ ही आंबटाची कामं. तेलकटपणा आणि करपलेलं अन्न ही खाराची, म्हणजे सोड्याची. आपल्या आज्या पितळेला चिंच आणि तेलकट भांड्यांना राख लावत, ते उगाच नाही.

आंबट लावून विसरणं

नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळा, अर्ध्या तासाने काढा, घासा आणि धुऊन टाका. रात्रभर ठेवलं तर जास्त चमकेल असं वाटतं, पण वरचा मुलामा उडायला लागतो.

पितळेचंही तसंच. चिंच-मीठ लावून समई बाजूला ठेवली, तेवढ्यात फोन आला, अर्धा तास गेला आणि समई पिवळीऐवजी तांबूस झाली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात फार वेळ राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि तांबं वर दिसू लागतं. चोळायचं, दोन मिनिटांत धुवायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. पुसायचा कंटाळा केलात तर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा ठिपका दिसेल. कल्हई केलेल्या भांड्याला चिंच फक्त बाहेरून, आतून नाही.

बिडाचा तवा मात्र आंबटात कधीच भिजत घालू नका. तेल मुरून आलेला काळा थर निघतो आणि घावन पुन्हा चिकटायला लागतं. गंज चढलाच असेल तर चिंचेने तेवढीच जागा घासा, धुवा, गॅसवर पूर्ण वाळवा आणि तवा गरम असतानाच तेलाचा बोळा फिरवा.

कुकर काळा पडला म्हणून सोडा

अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो आणि आपण जोर लावून सोड्याने घासतो. खाराने अ‍ॅल्युमिनियम आणखी काळवंडतं. इथे आंबटच हवं: काळ्या रेघेच्या वरपर्यंत पाणी, त्यात लिंबाची पिळलेली सालं किंवा चिंचेचं बुटुक, आणि झाकण न लावता दहा-पंधरा मिनिटं उकळी. रोज भात लावताना खालच्या पाण्यात एक साल टाकली तर ही वेळच येत नाही. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढईला तर सोडा नकोच. तिचा कोट एकदा गेला की घरी परत आणता येत नाही.

दूध करपलेलं स्टीलचं पातेलं याच्या अगदी उलट. तारेची घासणी बाजूला ठेवा. करपलेला भाग बुडेल एवढं पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, निवू द्या आणि लाकडी उलथन्याने ढकला. खपली आपसूक सुटते.

दोन्ही एकत्र केले की दुप्पट काम?

सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसून फेस येतो आणि व्हिडिओत तो फार छान दिसतो. पण आंबट आणि खार एकमेकांना मारतात. वायू उडून जातो आणि मागे उरतं जवळपास नुसतं खारट पाणी. त्या फेसाने कचरा थोडा हलतो, इतकंच. तुंबलेल्या सिंकला त्याचा काही उपयोग नाही.

इथवरच्या चुकांत फार तर भांडं किंवा ओटा खराब होतो. एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. संडास साफ करायच्या बहुतेक द्रवांमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू घातलं तरी तेच. चुकून झालंच तर धुवत बसू नका. आधी बाहेर पडा, जाता जाता दार-खिडकी उघडी टाका आणि श्वास लागत असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

हळदीचा डाग लाल झाला

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली, साबण लावला आणि डाग लालभडक झाला. घाबरून लोक आणखी साबण, गरम पाणी, ब्रश असं सगळं करून कापड झिजवतात. हळद खारात लाल होतेच. हळदीत चुना कालवून कुंकू होतं ते याच गुणावर. साबण धुऊन काढला की डाग परत पिवळा होतो. मग कपडा कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, एक-दोन उन्हांत तो फिका होत जातो.

सिंक तुंबलंय

उकळतं पाणी ओतू नका. खालचा पीव्हीसी पाइप नरम पडतो आणि जोड सैल होतात. आधी रबरी पंप मारून पाहा. नाहीच झालं तर सिंकखालची बाटलीसारखी वाटी हाताने फिरवून उघडते. खाली बादली ठेवायला विसरू नका. तुंबा बहुधा तिथेच सापडतो: चहाची पूड, भाताची शितं आणि गोठलेलं तूप. आधी तुंबा काढायची पावडर टाकलेली असेल तर ते पाणी जाळतं. तेव्हा हातमोजे घाला, नाहीतर प्लंबर बोलवा आणि पावडर टाकलीय हे त्याला आधी सांगा. वाटी परत लावताना तिची रबरी रिंग आत बसली आहे ना ते बघा, नाहीतर रात्रभर थेंब थेंब गळत राहील.