बेळगावात घर घ्यावं की भाड्यानंच राहावं? आधी हा हिशेब मांडा

"काय ओ, अजून भाड्याच्याच घरात? दुसऱ्याचं घर मोठं करतायसा की!" बारसं असो की बारावा, कुणीतरी मामा हे बोलतोच. मग माणूस रविवारी सकाळी एजंटाच्या दुचाकीवर मागे बसून फ्लॅट बघत हिंडतो, आणि संध्याकाळी हिशेब करायला घेतो. म्हणजे क्रमच उलटा. घर आवडल्यावर केलेला हिशेब मनासारखाच येतो. स्वतःसाठी दोनदा, आणि मेहुणा, भाचा, उद्यमबागेतले सोबती यांच्यासाठी बऱ्याचदा हे कागद मी मांडले आहेत. त्यात जे ठरत गेलं ते असं.

१. किती वर्षं राहणार?

आठ वर्षांच्या आत गाव सोडायची शक्यता असेल तर घेऊ नका. पुण्याला बदली, मुलांचं शिक्षण, गोव्यातली नोकरी, कारण काहीही असो. का, ते खाली कळेल.

२. हातात किती पैसे आहेत?

बँक सगळे पैसे देत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा. त्या किमतीत स्टँप आणि नोंदणीचा खर्च सहसा धरत नाहीत, तो तुमच्या खिशातून. कर्नाटकात स्टँप ड्यूटी ५ टक्के, त्यावर सेस आणि अधिभार, शिवाय ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ वरून २ टक्के. शहरात सगळं मिळून ७.६ टक्के धरा. कमी किमतीच्या नव्या फ्लॅटला स्टँपमध्ये सवलत असते, ती लागू होते का ते विचारा.

३. खरा हिशेब

इथेच मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून इथे सावकाश वाचा.

पहिलं घर घेताना मी सगळ्यांसारखं केलं. एका बाजूला भाडं लिहिलं, दुसऱ्या बाजूला हप्ता. हप्ता जास्त होता, पण "तो आपल्याच घरात जातो" असं म्हणून वरचे पैसे बचतीत धरले. तिसऱ्या वर्षी कंपनीनं चाकणला पाठवलं. फ्लॅट विकायला काढला तेव्हा घेतल्या भावाच्या जेमतेम वर गिऱ्हाईक आलं. बँकेचा उतारा काढून पाहिला तर तीन वर्षांत मुद्दल हललंच नव्हतं म्हणा ना. स्टँप-नोंदणीचे पैसे तर गेलेच होते. त्या तीन वर्षांत मी भाडेकरूच होतो, फक्त बँकेचा, आणि भाडं दुप्पट-तिप्पट देत होतो.

म्हणून भाड्याशी तुलना हप्त्याची करायची नाही. घर घेतल्यावर परत न मिळणारे पैसे किती, त्यांची करायची. ते तीन: कर्जाचं व्याज, तुमच्या अडकलेल्या पैशावर बुडालेलं व्याज, आणि घरपट्टी-मेंटेनन्स.

उदाहरणादाखल टिळकवाडीतला ६० लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. तसाच शेजारचा १४ हजार भाड्यानं मिळतोय समजा. तुमचे १५ लाख, कर्ज ४५ लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता साधारण ३९ हजार. पहिल्या वर्षी तुम्ही ४ लाख ६८ हजार भरता. त्यातलं मुद्दल सुमारे ९० हजार, बाकी पावणेचार लाखांवर व्याज. तुमचे १५ लाख आणि नोंदणीचे साडेचार लाख ठेवीत साडेसहा टक्क्यांनी राहिले असते तर सव्वा लाख मिळाले असते. घरपट्टी, सोसायटी, रंग, गळती यांना ४० हजार. एकूण जवळपास साडेपाच लाख.

भाडं वर्षाला १ लाख ६८ हजार.

फरक पावणेचार लाखांचा. म्हणजे त्या ६० लाखांच्या फ्लॅटची किंमत दरवर्षी सव्वासहा टक्क्यांनी वाढली तर कुठे बरोबरी. जागेची वाढते, मान्य. पण चौथ्या मजल्यावरच्या जुन्या होत चाललेल्या फ्लॅटची तितकी वाढेल? मामाला हे विचारा. तो लगेच सांगेल की अमक्याची हिंदवाडीतली जागा दसपट झाली. ती जागा होती, आणि त्यानं ती तीस वर्षं ठेवली होती.

यावर तीन उत्तरं हमखास येतात.

"भाडं वाढत जातं." जातं की. वर्षाला पाच टक्के धरलं तर १४ हजारांचे दहा वर्षांनी पावणेतेवीस हजार होतात. पण दहा वर्षं हप्ते भरूनही त्या ४५ लाखांतले साडेएकतीस लाख देणं उरलेलंच असतं, हेही त्याच कागदावर लिहा.

"व्याजावर टॅक्स वाचतो." नव्या कररचनेत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुनी रचना निवडली तर २ लाखांपर्यंत मिळते. एजंट हे अर्धंच सांगतो.

"हप्त्यामुळे शिस्त लागते." हे मात्र खरं आहे. फरकाचे पैसे दर महिन्याला बाजूला पडणार नसतील, हॉटेलात आणि मोबाइलमध्ये जाणार असतील, तर वरचा सगळा हिशेब फुकट. मेहुण्याला मी याच कारणानं घर घे म्हणालो.

घाईत असाल तर घराची किंमत भागिले वर्षाचं भाडं. माझा ठोकताळा: २५ च्या आत आलं तर पुढे बोला, ३० च्या वर गेलं तर भाड्यानं राहा. वरचा फ्लॅट ३५ च्याही पुढे जातो. कंग्राळीकडे ३५ लाखांचं घर आणि तिथलं भाडं १२ हजार असेल तर आकडा २४ च्या आसपास येतो. तिथं विचार करण्यात अर्थ आहे. घरमालक दर अकरा महिन्यांनी हाकलतोय किंवा आईला जिने चढवत नाहीत, म्हणून आकडा वाईट असूनही घर घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. फक्त त्या समाधानाचे वर्षाला इतके लाख मोजतोय हे नवरा-बायको दोघांनाही माहीत असू द्या.

४. गल्लीतल्या घरावर एक नजर

शहापूर, वडगाव, अनगोळला वाडवडिलांचं घर असेल तर भावाचा हिस्सा विकत घेण्याचा विषय काढून बघा. घरातल्या घरात हक्कसोड पत्राला विक्रीसारखी टक्केवारी लागत नाही, ठरावीक रक्कम लागते. भांडण होईल म्हणून लोक हा विषयच काढत नाहीत आणि बाहेर जाऊन दुप्पट मोजतात.

५. कागद

इथली पहाणी, म्हणजे सातबारासारखा जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये. आपल्यातल्या बऱ्याच जणांना बोलता येतं, वाचता येत नाही, आणि तिथंच माती खाल्ली जाते. पलीकडे शिनोळीत सातबारा आपला आपण वाचता येतो, इकडे वाचून घ्यावा लागतो. विकणाऱ्याच्या माणसाकडून वाचून घेऊ नका. मालकाचं नाव ९ व्या रकान्यात, बोजा आणि इतर हक्क ११ व्या रकान्यात, एवढं तरी ध्यानात ठेवा. बोजाचा दाखला, म्हणजे ई.सी., 'कावेरी' या नोंदणी खात्याच्या वेबसाइटवर १ एप्रिल २००४ पासूनचा मिळतो. त्याआधीचा उपनिबंधक कार्यालयातून काढा, तीस वर्षांचा.

बाँडवरची स्वस्त जागा नको. शहराला लागलेल्या खेड्यांत शेतजमिनीचे गुंठे पाडून स्टँपपेपरवर लिहून देतात. एन.ए. (बिगरशेती परवाना) नाही, लेआउट मंजूर नाही. बँक कर्ज देत नाही, ई-खात्याशिवाय, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय, नोंदणी होत नाही. पंचायत हद्दीत फॉर्म ९ आणि फॉर्म ११, म्हणजे पंचायतीचे मालमत्तेचे उतारे, मागा. हातात ११-ब, म्हणजे मंजुरी नसलेल्या जागेचा उतारा, ठेवला तर उठून या. शहरात बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी बघा. आठपेक्षा जास्त फ्लॅटच्या नव्या प्रकल्पाला रेरा क्रमांक (गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) हवाच. आणि वकील आपला, बिल्डरनं सुचवलेला नव्हे.

६. पावसात जाऊन या

एप्रिलमध्ये सगळीच घरं छान दिसतात. जुलैत, चार दिवस झड लागल्यावर जा. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला असेल तर नक्कीच, आणि ऑगस्ट २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, तेही त्यालाच विचारा.

७. इसार

रोख देऊ नका, चेकनं द्या. लिहून घेताना एक ओळ जास्त घाला: कर्ज मंजूर झालं नाही किंवा कागदात खोट निघाली तर इसार पूर्ण परत. या ओळीला विकणारा आढेवेढे घेऊ लागला तर चेक खिशात घाला आणि चहा पिऊन परत या.